कारागिरांचा पडदा : मराठी चित्रपटाच्या इतिहासाची प्रस्तावना

मराठी चित्रपट जन्माला घातला तो कारागिरांनी. दादासाहेब फाळके छपाई आणि छायाचित्रणाच्या धंद्यातले. बाबूराव पेंटर कोल्हापुरातल्या मेस्त्री घराण्यातले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणे हा त्यांचा व्यवसाय. प्रभात फिल्म कंपनी उभी करणारे विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल बाबूरावांच्याच हाताखाली रंगकाम, नेपथ्य आणि यंत्रकाम शिकत तयार झाले. यांच्यापैकी कोणाच्या मागे मोठे भांडवल नव्हते आणि चित्रपट शिकवणारी शाळा देशात कुठेच नव्हती. यंत्र उघडायचे, त्याचा भाग न् भाग समजून घ्यायचा, मिळत नसेल तो भाग स्वतः घडवायचा, या वाटेने ही कला महाराष्ट्रात रुजली. म्हणून मराठी चित्रपटाचा इतिहास समजून घ्यायचा तर नटनट्यांच्या नामावळीआधी कारखान्यांकडे पाहावे लागते. कारखाना उभा राहिला तेव्हा हा चित्रपट बहरला, कारखाना मोडला तेव्हा तो पांगला, आणि पुढे जेव्हा जेव्हा त्याने उभारी धरली तेव्हा कामाची नवी घडी बसवूनच धरली.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचा या इतिहासाशी संबंध दुहेरी आहे. पहिला संबंध विषयांचा. जगभर नावाजलेला पहिला मराठी चित्रपट देहूच्या तुकोबांवर आहे. प्रभातचाच आणखी एक संतपट आळंदीच्या ज्ञानेश्वरांवर. आणि प्लेगच्या काळातल्या रँडवधावरचा चित्रपट चिंचवडच्या चापेकर बंधूंवर. दुसरा संबंध प्रेक्षकांचा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात मोठमोठे कारखाने आले, पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले, आणि त्यांच्यामागे सोलापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भातून कामगार कुटुंबे इथे येऊन राहिली. गावाकडची जमीन, जात, देव आणि शहरातला पगार या ओढाताणीत जगणारा हा वर्ग मराठी चित्रपटाचा प्रेक्षक आहे, आणि सुरुवातीपासून त्याचा विषयही आहे.

मळवली, लोणावळा, दादर, नाशिक

७ जुलै १८९६ रोजी मुंबईतल्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ती पाहून छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली. केंब्रिजची गणिताची परीक्षा गाजवून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचे चित्रणही त्यांचेच. कथा सांगणारा प्रयत्न दादासाहेब तोरणे यांनी केला. त्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होता आणि त्याची फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती.

फाळक्यांनी ही सगळी साखळी स्वतःच्या हातात आणली. त्यांची तयारी छपाईच्या धंद्यात झाली. राजा रविवर्म्यांचा चित्रे छापण्याचा कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला होता. त्या चित्रांसाठी फोटो-लिथोची कामे केल्यावर फाळक्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला आणि पुढे तो दादरला नेला. आज चिंचवडहून लोणावळ्याला जाणारी लोकल ज्या स्थानकांवर थांबते, त्यांतल्या दोन स्थानकांच्या परिसरात भारतीय चित्रपटाच्या जनकाचा हात तयार झाला. रविवर्म्यांच्या छापील चित्रांनी देवादिकांना जे चेहरे, जे अलंकार आणि ज्या बैठका दिल्या होत्या, त्याच पुढे पडद्यावर चालू-बोलू लागल्या. पहिल्या भारतीय चित्रपटांना पौराणिक कथा इतक्या जवळच्या का वाटल्या, याचे निम्मे उत्तर धर्मश्रद्धेत आहे आणि निम्मे त्या छापखान्यात.

१९११ साली ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळक्यांनी हा उद्योग करायचे ठरवले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज ठरावीक जागेवरून त्याचे चित्रण करत गेले. पडद्यावर बी फुटून वेल वर चढलेला पाहिल्यावर पैसा उभा राहिला. पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करत आणि त्याच घरात साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळत. चार रिळांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये लागला. स्त्रिया पडद्यावर यायला तयार नसल्याने तारामती झाले ते साळुंके नावाचे तरुण. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. मात्र १९१३ सालच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या आणि तो पडदा स्त्रियांसाठी खुला झाला.

फाळक्यांनी आपला व्याप नाशिकला हलवला. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, बालकृष्णाची भूमिका केली. पुढे भागीदारांशी मतभेद झाले, मग बोलपट आला आणि त्यांचे तंत्र मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. देशातला चित्रपटक्षेत्राचा सर्वोच्च पुरस्कार १९६९ सालापासून त्यांच्या नावाने दिला जातो.

कोल्हापूर : मेस्त्रींचा कॅमेरा

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवत. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव झाले. फाळक्यांचे चित्रपट पाहून दोघांनी स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने काम पुरे केले आणि १९१८च्या सुमारास देशी बनावटीचा कॅमेरा चालू झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती या कॅमेऱ्यावर आणि तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेल्या पैशावर. कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक घाबरले आणि पुढे तो प्रसंग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले.

बाबूरावांचा सगळ्यात मोठा पल्ला १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’चा. नारायण हरी आपटे यांच्या कथेतला शेतकरी सावकाराच्या कागदांत अडकतो, जमीन गमावतो आणि शहरात गिरणीत कामाला लागतो. त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. मंद प्रकाशात टिपलेली झोपडी आणि तिच्यापाशी भेसूर रडणारे कुत्रे ही दृश्ये पाहणाऱ्यांनी वर्षानुवर्षे आठवणीत ठेवली. देवदेवता आणि राजेरजवाडे यांनी भरलेल्या पडद्यावर कर्जात बुडालेला कुणबी आला, आणि मराठी चित्रपटाला स्वतःच्या मातीतला विषय सापडला. जमीन सुटून कारखान्याच्या दारात उभा राहिलेला माणूस त्यानंतर या पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसतो.

प्रभात : कंपनीची शिस्त

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पहिले चार जण बाबूरावांच्या कंपनीतून बाहेर पडलेले, पाचवे कुलकर्णी हे पैशाची बाजू सांभाळणारे. १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आणला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, दुर्गा खोटे तारामती. एकोणीस वर्षांपूर्वी जिथे पुरुषाला तारामती व्हावे लागले, तिथे मुंबईच्या सुशिक्षित घरातली स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

१९३३ साली कंपनी पुण्याला आली. आज प्रभात रस्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात स्टुडिओ, चित्रीकरणासाठी तळे, रसायनशाळा, सुतारशाळा, कपडेपट आणि संकलनाच्या खोल्या असा सगळा पसारा उभा राहिला. कलावंत आणि तंत्रज्ञ महिन्याच्या पगारावर होते. दामले ध्वनिमुद्रण पाहत, फत्तेलाल कलादिग्दर्शन. आधी संपूर्ण पटकथा, मग देखाव्यांची रेखाचित्रे, मग तालमी आणि मग चित्रीकरण, असा क्रम होता. एकाच नेपथ्यावर मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या निघत: ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. प्रभातचे अर्थकारण या जोडणीवर उभे होते. हिंदीचा बाजार खर्च भरून काढत असे, म्हणून मराठी आवृत्तीवर तितकाच पैसा आणि तितकीच मेहनत खर्ची पडू शके.

या काळातल्या चित्रपटांनी समाजाचे दुखणे नेमके पकडले. ‘कुंकू’मध्ये (१९३७) म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा तो संबंध मानायलाच नकार देते, शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या या चित्रपटामागे पुन्हा नारायण हरी आपट्यांचीच कादंबरी होती. ‘माणूस’ (१९३९) हवालदार आणि वेश्या यांच्या नात्याची कथा सांगतो. ‘शेजारी’त (१९४१) धरण बांधायला गावात आलेला उद्योगपती दोन जिवलग म्हाताऱ्यांत, एका हिंदू आणि एका मुसलमान शेजाऱ्यात, फूट पाडतो, शेवटी धरण फुटते. प्रकल्पासाठी जमीन मागितली गेल्यावर गावातली माणसे एकमेकांना कशी दुरावतात, हे पिंपरी-चाकणच्या ज्या पट्ट्याने पुढे स्वतः अनुभवले, तिथे हा चित्रपट आजही जुना वाटत नाही.

देहूचा तुका, व्हेनिसचा पडदा

दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथे ५७ आठवडे चालला. १९३७ साली तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि त्याचा गौरव झाला. आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळालेल्या सुरुवातीच्या भारतीय चित्रपटांपैकी तो एक.

त्याचे मोठेपण देहूच्या घरात आहे. विष्णुपंत पागनीस एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. तुकाराम साकारताना त्यांनी डोळ्यांत आणि गाण्यात जी निर्मळता आणली, तिच्यामुळे लोक त्यांच्या पाया पडत. तुकाराम विठ्ठलात रमलेला असताना घर चालवते ती जिजाई. ही भूमिका करणाऱ्या गौरी प्रभातमध्ये किरकोळ भूमिका करत असत. मुलगा तापाने फणफणला की ही जिजाई पायातली वहाण हातात घेते आणि विठ्ठलालाच जाब विचारायला देवळात शिरते. चित्रपट तिला वेडी ठरवत नाही आणि पापीही ठरवत नाही. तिच्या रागात मुलांची भूक आहे, हे दिग्दर्शकांना ठाऊक आहे. शेवटी गरुडाच्या आकाराचे विमान तुकारामाला न्यायला येते, तेव्हाही जिजाईचे मन चुलीत आणि पोरांत अडकलेले असते. भक्ती आणि संसार, दोन्ही बाजू पुऱ्या वजनाने मांडल्यामुळे हा संतपट चमत्कारपट होऊन राहिला नाही. शांताराम आठवले यांनी त्यासाठी अभंगाच्या धाटणीत लिहिलेले एक गीत इतके एकजीव झाले की अनेकांनी ते तुकोबांचेच मानले.

इंद्रायणीकाठच्या माणसाला या चित्रपटात आणखी एक गोष्ट दिसते. देहू, भंडाऱ्याचा डोंगर, चाकणजवळचा भामचंद्र ही तुकोबांची ठिकाणे आज औद्योगिक वसाहतींच्या आणि गोदामांच्या वेढ्यात आहेत. १९३६ सालच्या पडद्यावरचे शेत, जाते, म्हैस आणि ओसरी ही त्या मुलखाच्या जुन्या संसाराची साक्षेपाने रचलेली प्रतिमा आहे. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हा त्याच जोडीचा पुढचा संतपट. शाहू मोडक त्यात ज्ञानेश्वर झाले. वाघावर बसून येणाऱ्या चांगदेवाच्या भेटीला भावंडांना घेऊन निघालेली भिंत पडद्यावर चालवणे ही प्रभातच्या तंत्रशाळेची परीक्षा होती. आळंदीला दर्शनाला येणारा भाविक ती भिंत आजही पाहतो. ती चालताना कशी दिसली असेल याचे त्याच्या मनातले चित्र बऱ्याच अंशी फत्तेलालांनी काढलेले आहे.

पांगापांग

१९४२ साली शांताराम प्रभात सोडून मुंबईला गेले आणि त्यांनी राजकमल कलामंदिर काढले. युद्धामुळे कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले होते. प्रभातने ‘रामशास्त्री’सारखा (१९४४) भारदस्त चित्रपट दिला, देव आनंदला १९४६ साली ‘हम एक हैं’मधून पहिली संधी दिली, गुरुदत्तही तिथेच उमेदवारी करून गेले, परंतु घडी विस्कटली होती. १९५३ साली कंपनी बंद पडली. त्याच जागेत १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले.

प्रभात मोडल्याचा अर्थ एका कंपनीपुरता नव्हता. मराठी आणि हिंदी आवृत्त्या एकत्र काढणारी यंत्रणाच संपली. मुंबईत हिंदी चित्रपट मोठा होत गेला आणि मराठी निर्मात्याला त्याच शहरात, त्याच स्टुडिओत, त्याच थिएटरांत उरलेल्या वेळेवर आणि उरलेल्या पैशावर काम करावे लागले. बंगाली किंवा तमिळ चित्रपटाची राजधानी त्याच्या स्वतःच्या शहरात होती. मराठीला राजधानीचे शहर मिळाले ते हिंदीबरोबर वाटून घ्यावे लागले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओ टिकवून धरला. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो भस्मसात झाला, भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘साधी माणसं’ (१९६५) हे चित्रपट काढले.

लेखक, शाहीर आणि गायक

कारखाना नसताना मराठी चित्रपटाला सावरले ते साहित्याने आणि लोककलेने. आचार्य अत्र्यांनी मास्टर विनायकांसाठी ‘ब्रह्मचारी’ (१९३८) लिहून विनोदी बोलपटाची वाट आधीच घातली होती. साने गुरुजींच्या पुस्तकावर त्यांनी काढलेल्या ‘श्यामची आई’ला (१९५३) पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. वनमाला आणि बाल माधव वझे यांच्यावर उभा असलेला हा चित्रपट साध्या घरात आणि थोडक्या पैशात घडणारा आहे. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या त्रयीने ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘ऊन पाऊस’ (१९५४), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) असे चित्रपट दिले. मध्यमवर्गाची पैशाची चणचण, वार्धक्य आणि विनोद त्यांनी गाण्यांत गुंफला.

‘रामजोशी’ने (१९४७) शाहिरी आणि लावणी पडद्यावर आणली आणि तमाशापटाची परंपरा सुरू झाली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. हंसा वाडकर यांच्या अभिनयाचा त्यात मोठा वाटा होता. ग्रामीण भागात हे चित्रपट जत्रांतल्या तंबूत पोहोचले. ट्रकवर प्रोजेक्टर, मैदानात ठोकलेला तंबू, पडद्यासमोर जमिनीवर बसलेली गर्दी, ही फिरत्या सिनेमाची पद्धत महाराष्ट्रात कित्येक दशके टिकली. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ सालच्या माहितीपटात तिचे शेवटचे दिवस नोंदले गेले आहेत. पुढे एकाच साच्याचे तमाशापट इतके निघाले की पाटील, फड आणि सवाल-जवाब यांपलीकडचे गाव पडद्यावरून दिसेनासे झाले.

या पिढीची नावे पिंपरी-चिंचवडच्या नकाशावर आहेत. संत तुकारामनगरात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, प्राधिकरणात ग. दि. माडगूळकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे, आणि पिंपळे गुरवला पुढच्या पिढीतले नट निळू फुले यांच्या नावाचे. कामगारांच्या शहराने आपल्या रंगमंदिरांना ही नावे दिली, यावरून चित्रपट आणि रंगभूमी यांच्यात त्याने भिंत मानली नाही हे दिसते.

सत्तरीचे दशक : दोन वाटा

१९७१ साली दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ आला. दादा मुंबईतल्या नायगावच्या गिरणी कामगार वस्तीत वाढले. सेवादलाचा बँड आणि ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य ही त्यांची शाळा. भोळा, बावळट दिसणारा आणि शेवटी सगळ्यांना पुरून उरणारा त्यांचा नायक गावातून कारखान्याच्या गावी आलेल्या प्रेक्षकाला आपला वाटला. ‘पांडू हवालदार’ (१९७५) आणि पुढचे चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरत गेले. द्वयर्थी संवादांवर टीका झाली, पण मराठी चित्रपटाकडे पाठ फिरवू लागलेला श्रमिक प्रेक्षक दादांनी परत आणला, ही गोष्ट इतिहासात नोंदवलीच पाहिजे. याच दशकात राज्य सरकारने मराठी चित्रपटांना करमणूक कर परत देण्याची योजना आणली. परताव्याचा पैसा पुढच्या मराठी चित्रपटात घालायचा असल्याने निर्मितीला पुन्हा थोडा आधार मिळाला.

दुसरी वाट प्रायोगिक रंगभूमीवरून आली. सत्यदेव दुबे यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) पडद्यावर आणले. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांनी ‘सामना’ केला आणि १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. साखर कारखान्याच्या जोरावर तालुका मुठीत ठेवणारा हिंदूराव धोंडे-पाटील आणि त्याच्याकडे आसरा घेऊन त्यालाच प्रश्न विचारणारा मास्तर, म्हणजे निळू फुले आणि श्रीराम लागू. निळूभाऊ अभिनयाआधी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून काम करत. सत्तेची मगरुरी आणि तिच्या आतली भीती त्यांनी एका नजरेत उभी केली. ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) हे पटेलांचे पुढचे टप्पे.

चिंचवडचा इतिहास पडद्यावर आला तो याच काळात. पुण्याचे वास्तुविशारद नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ साली ‘२२ जून १८९७’ केला. प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या जुलमांचा सूड म्हणून चापेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली, त्याची ही कथा. ऐतिहासिक चित्रपट म्हटला की तलवारी आणि आवेशाचे संवाद, ही सवय त्याने मोडली. वाड्यातला अंधार, घरातले दबलेले आवाज, भावांची कर्मठ धर्मनिष्ठा आणि फाशीपर्यंतचा प्रवास त्यात संयमाने येतो. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

विनोदाची लाट आणि ओसरता पडदा

ऐंशीच्या दशकात महेश कोठारे यांचा ‘धुमधडाका’ (१९८५) आणि सचिन पिळगांवकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांनी तरुण प्रेक्षक खेचला. ‘बनवाबनवी’त पुण्यात भाड्याची खोली मिळेना म्हणून चौघांपैकी दोघांना बायका व्हावे लागते. नोकरीसाठी पुण्या-पिंपरीत येऊन खोली शोधणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण ठाऊक होती, आणि त्या चित्रपटाचे संवाद अजून लोकांच्या तोंडी आहेत ते हसण्याच्या तळाशी ही ओळख असल्यामुळेही. १९९१ सालच्या ‘माहेरची साडी’ने बायकांची गर्दी जमवली. त्यानंतर दूरदर्शन, व्हिडिओ आणि केबलने प्रेक्षक घरात बसवला, कमी खर्चाच्या घाईच्या चित्रपटांनी उरलासुरला विश्वास घालवला, आणि नव्वदीच्या अखेरीस हा उद्योग फार रोडावला.

‘श्वास’नंतर

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ साली प्रदर्शित झाला. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेला नातू आणि त्याला शस्त्रक्रियेआधी शहर दाखवणारा आजोबा, इतकीच गोष्ट. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारताची ऑस्करसाठीची अधिकृत निवडही तोच ठरला. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने (२००९) फाळक्यांच्या घरातल्या त्या पहिल्या कारखान्याची कथा सांगितली. पुण्यात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी सामाजिक कामातून उगवलेला चित्रपट घडवला. त्यांच्या ‘कासव’लाही (२०१६) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या उमेश कुलकर्णी यांनी ‘वळू’ (२००८), ‘विहीर’ (२००९) आणि ‘देऊळ’ (२०११) यांत आजचे गाव दाखवले. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसमध्ये पुरस्कार घेऊन आला; कामगार वस्तीतला वृद्ध शाहीर आणि त्याच्यावर चाललेला खटला हा त्याचा विषय.

नागराज मंजुळे यांनी हा प्रवास प्रेक्षकांच्या दारापर्यंत नेला. ‘फँड्री’त (२०१३) जब्या या मुलाने शेवटी भिरकावलेला दगड थेट पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. ‘सैराट’ने (२०१६) मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सगळे जुने आकडे मागे टाकले. परशा आणि आर्ची करमाळ्याच्या बाजूचे गाव सोडून परक्या शहरात पळतात, झोपडपट्टीत खोली घेतात, मिळेल ते काम करतात. चाकण, भोसरी, तळवड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या तरुण जोडप्यांना त्या चित्रपटाचा उत्तरार्ध समजावून सांगावा लागला नाही. ‘सावकारी पाश’चा शेतकरी कर्जामुळे गाव सोडतो, हे दोघे जातीमुळे, शहर त्यांना मजुरी देते, गावाचा हात मात्र तिथपर्यंत पोहोचतो.

जे उरले आणि जे जपायचे

या इतिहासाचा मोठा भाग आज पाहता येत नाही. ‘श्री पुंडलिक’, १९२० सालचा ‘सैरंध्री’, मूक ‘सावकारी पाश’ यांच्या प्रती उरलेल्या नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे मिळाली ती राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे. जुनी नायट्रेट फिल्म सहज पेट घेते. चांदीसाठी ती वितळवलीही जात असे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या फिल्मच्या साठ्याला आग लागून प्रभातच्या चित्रपटांसह अनेक नायट्रेट रिळे जळाली. ज्या चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवरच्या प्रती आधी काढून ठेवल्या होत्या, ते वाचले. जतनाचे काम वेळेत होणे म्हणजे काय, हे त्या एका घटनेत दिसते.

पडद्यावरच्या चित्रपटाइतकाच पडद्यासमोरचा इतिहासही जपण्याजोगा आहे. एकपडदा थिएटरे बंद होत गेली, त्यांच्या जागी बहुपडदा संकुले आली, आणि मराठी चित्रपटाला सोयीची वेळ मिळावी म्हणून २०१५ साली राज्य सरकारला हस्तक्षेप करावा लागला. जुन्या थिएटरांची तिकिटे, भित्तिपत्रके, प्रोजेक्टर चालवणाऱ्यांच्या आठवणी, वसाहतींच्या गणेशोत्सवात पडदा लावून दाखवलेल्या चित्रपटांच्या नोंदी, हा ऐवज घराघरांत आणि मंडळांच्या कपाटांत विखुरलेला आहे. मराठी चित्रपटाचा इतिहास आजवर प्रामुख्याने नाशिक, कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या निर्मितीच्या गावांतून लिहिला गेला. तो पुरा व्हायचा तर ज्या गावांनी हे चित्रपट पाहिले, त्यांच्यावर पैसे खर्च केले आणि त्यांतले संवाद कारखान्याच्या पाळीतल्या गप्पांत जिवंत ठेवले, त्या कामगार नगरांची बाजूही लिहिली गेली पाहिजे. कारागिरांनी उभ्या केलेल्या या कलेचा सर्वांत निष्ठावंत प्रेक्षक हाताने काम करणारा माणूस राहिला आहे, आणि तिचे पुढचे विषयही त्याच्याच आयुष्यात आहेत.